फायरफॉक्सवर बँकेची साईट चालत नाही : दोष ब्राउझरचा की बँकेचा?

बी_विंगचा_खजिनदार

मंडळी, नमस्कार. आमच्या सोसायटीचं खातं एका सहकारी बँकेत आहे. नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर धागा उडेल. नेटबँकिंग दोन पायऱ्यांचं: खजिनदार म्हणून मी पेमेंट टाकायचं आणि सेक्रेटरी काकांनी त्यांच्या लॉगिनमधून मंजूर करायचं. लिफ्टची एएमसी, वॉचमन एजन्सी, टँकर, सगळं यातूनच जातं.

तर परिस्थिती अशी. फायरफॉक्सवर लॉगिनचं पान येण्याआधीच पाटी येते : "आपला ब्राउझर समर्थित नाही. कृपया इंटरनेट एक्सप्लोरर ८ किंवा त्यापुढील आवृत्ती वापरावी." ही पाटी पहिल्यापासून आहे. क्रोमवर सगळं सुरळीत होतं, पण गेल्या महिन्यापासून पेमेंट टाकून शेवटचं 'कन्फर्म' दाबलं की काहीच होत नाही. एरर नाही, चक्र फिरत नाही, ढिम्म. आणि काकांच्या विंडोज ७ च्या लॅपटॉपवर तर लाल त्रिकोण येतो आणि कनेक्शन खाजगी नाही असं सांगतो.

शाखेत विचारलं तर "सर, दुसऱ्या ब्राउझरवर ट्राय करा". आता तिसरा कुठून आणू? वॉचमनचा पगार अडकलाय. कोणाला काही सुचतंय का?

कोल्हापुरी_रस्सा

इंटरनेट एक्सप्लोरर ८? भावा, बँक जिवंत आहे न्हवं?

पेंग्विनप्रेमी

दोष शंभर टक्के बँकेचा. इंटरनेट एक्सप्लोरर मायक्रोसॉफ्टनेच १५ जून २०२२ ला बंद केला. जो ब्राउझर त्याच्या जन्मदात्यानेच पुरला, तो वापरा म्हणून ग्राहकाला सांगणारी बँक माझे पैसे कसे सांभाळणार? मी विंडोज सोडून उबुंटू लिनक्सवर आहे, मला तर ही पाटी अर्ध्या सरकारी साईट दाखवतात. ब्राउझरची ओळखपट्टी बदलणारं एक एक्स्टेन्शन टाका, क्रोम असल्याचं सांगा आणि आत शिरा. हाय काय नाय काय.

टेस्टिंगवाला

पेंग्विनप्रेमींशी निम्मा सहमत. ते एक्स्टेन्शन मात्र टाकू नका, का ते पुढे सांगतो. माझं पोट वेब टेस्टिंगवर चालतं आणि त्यातली काही वर्षं बँकांच्या साईटवरच गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

खजिनदार, तुमच्याकडे एक दुखणं नाही, तीन आहेत आणि तिघांचा एकमेकांशी संबंध नाही. साईट चालत नसेल तर आधी बघायचं की नकार कोण देतंय. फायरफॉक्समधली पाटी बँकेच्या छापाची, बँकेच्या रंगातली आहे ना? म्हणजे ब्राउझर बँकेपर्यंत पोचला, बँकेने त्याचा चेहरा बघून दार लावलं. काकांच्या लॅपटॉपवरचं लाल पान ब्राउझरचं स्वतःचं आहे. तिथे उलट, ब्राउझर म्हणतोय की समोरचा खरंच बँक आहे याची मला खात्री नाही. आणि क्रोममध्ये दोघांचं जमलंय, पण मधेच काहीतरी गिळलं जातंय. पहिल्यात बँकेशी भांडा. दुसऱ्यात ब्राउझरचं ऐका. तिसऱ्यात सेटिंग बघा.

आता त्या पाटीबद्दल. प्रत्येक ब्राउझर साईटला आपली ओळख एका ओळीत सांगतो आणि ती ओळ म्हणजे इतिहासातली थट्टा आहे. क्रोम सांगतो की मी मोझिला ५.०, शिवाय ॲपलवेबकिट, गेकोसारखा, क्रोम आणि सफारीसुद्धा. कारण प्रत्येक पिढीत कुठल्यातरी साईटने ठरावीक नावालाच दार उघडलं, म्हणून प्रत्येक नव्या ब्राउझरने आधीच्याचं नाव लावून घेतलं. २००९ साली ऑपेराची दहावी आवृत्ती आली तेव्हा काही साईट आवृत्तीचा पहिलाच अंक वाचत होत्या. त्यांना १० दिसलंच नाही, १ दिसलं, आणि त्यांनी सांगितलं की तुमचा ब्राउझर फार जुना आहे. शेवटी ऑपेराने त्या ओळीत कायमचं ९.८० लिहून ठेवलं. २०२२ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स शंभरीत गेले तेव्हा हीच धास्ती होती : कोणीतरी दोनच अंक वाचेल आणि १०० चं १० करेल. विवाल्डी या छोट्या ब्राउझरने तर २०१९ च्या डिसेंबरात हात टेकले आणि बहुतेक साईटना 'मी क्रोम' असंच सांगायला सुरुवात केली. आतलं इंजिन तेच असूनसुद्धा फक्त नावामुळे साईट अडवत होत्या.

त्यामुळे तुमच्या बँकेची पाटी ही बहुधा दहा-पंधरा वर्षांपूर्वी कोणीतरी लिहिलेली दोन ओळींची अट आहे. क्रोमला सूट कधीतरी घातली गेली, फायरफॉक्सला घालायची राहून गेली.

निवृत्त_कॅशियर

मी एका नागरी सहकारी बँकेतून निवृत्त झालो. शेवटची काही वर्षं संगणक विभागात होतो. बँकेला शिव्या देणं सोपं आहे, पण आतून कसं असतं ते ऐका.

छोटी बँक नेटबँकिंग स्वतः लिहीत नाही. कोअर बँकिंग विकणारी कंपनी असते, तिच्याकडून तयार माल येतो आणि बरोबर एक कागद येतो : अमुक ब्राउझरच्या अमुक आवृत्तीवर तपासलेलं आहे. त्या कागदाबाहेर काही बिघडलं तर कंपनी हात वर करते. फायरफॉक्स त्या यादीत घालायचा म्हटलं की 'चेंज रिक्वेस्ट', म्हणजे पैसे, पुन्हा सुरक्षा तपासणी, पुन्हा संचालक मंडळापुढे विषय. संचालक विचारतात की किती ग्राहक वापरतात? उत्तर येतं, मूठभर. विषय संपला. यात दुष्टपणा नसतो, पण मूठभरांचं काम अडतं हे खरं.

पेंग्विनप्रेमी

मूठभरच राहणार ना काका! साईट आत घेत नाही म्हणून कोणी वापरत नाही, आणि कोणी वापरत नाही म्हणून साईट आत घेत नाही.

निवृत्त_कॅशियर

मान्य. पण ऑडिटवाल्याला हे पटवून द्यायला तुम्ही या.

टेस्टिंगवाला

एक्स्टेन्शनचं सांगायचं राहिलं. ओळखपट्टी बदलणारं एक्स्टेन्शन टाकताना ते परवानगी मागतं, ती नीट वाचा : 'सर्व संकेतस्थळांवरील माहिती वाचणे आणि बदलणे'. म्हणजे तुम्ही बँकेत शिरण्यासाठी एका अनोळखी माणसाला पासबुक, पासवर्ड आणि ओटीपी तिन्ही बघायला बसवलंत. आज ते एक्स्टेन्शन भलं असेल, उद्या त्याचा मालक बदलेल. हे काम क्रोम आणि एजच्या डेव्हलपर टूल्समध्ये बाहेरचं काहीही न टाकता होतं. फायरफॉक्समध्ये अबाउट कॉन्फिग या आतल्या सेटिंगच्या पानातून होतं, पण तिथला बदल सगळ्याच साईटना लागू पडतो, नंतर काढायला विसरू नका.

आणि एवढं करून आत शिरलात तरी शिल्लक बघा, स्टेटमेंट उतरवा, पैसे मात्र पाठवू नका. साईट खरोखरच त्या ब्राउझरवर तपासलेली नसेल तर अर्धवट अडकलेल्या व्यवहारावर बँक पहिला प्रश्न विचारेल तो हाच.

क्रोमच्या कन्फर्मबद्दल : 'गेल्या महिन्यापासून' या शब्दांवर माझी नजर आहे. बँकेचा पत्ता बदललाय का?

बी_विंगचा_खजिनदार

हो! आधी डॉट को डॉट इन होता, आता शेवटी बँक डॉट इन आहे. मेसेज आला होता. पण त्याचा काय संबंध?

टेस्टिंगवाला

तोच संबंध. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये सगळ्या बँकांना सांगितलं की ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत बँक डॉट इन या पत्त्यावर या. हे पत्ते हैदराबादची आयडीआरबीटी ही एकच संस्था देते, त्यामुळे भलत्याने बँकेसारखं नाव घेऊन बसणं अवघड होतं. निर्णय चांगला आहे. पण ब्राउझरच्या दृष्टीने पत्ता बदलला म्हणजे माणूसच नवा. जुन्या पत्त्याला तुम्ही कधीतरी पॉप-अपची परवानगी दिली असणार, ती नव्या पत्त्याला लागू नाही. तुमचं 'कन्फर्म' दुसरी खिडकी उघडायचा प्रयत्न करतंय आणि क्रोम ती गुपचूप दाबतोय. पत्त्याच्या पट्टीत उजवीकडे छोटंसं चिन्ह येत असेल, लाल फुली असलेल्या खिडकीचं. त्यावर टिचकी मारा आणि फक्त याच साईटला परवानगी द्या. सगळ्या साईटना देऊ नका.

जतन केलेला पासवर्ड आपोआप भरला जात नसेल तर तेही याचमुळे. पासवर्ड मॅनेजर पत्ता बघून भरतो, आणि तसंच करायला हवं, खोट्या साईटवर तो गप्प बसतो ते याच गुणामुळे. नवा पत्ता बँकेच्या पत्रावरून किंवा पासबुकावरून ताडून बघा आणि मगच हाताने भरा.

सीए_ताई_नाशिक

पॉप-अप तरी बरे. आमच्याकडे डिजिटल सिग्नेचरचं टोकन लावलं की खरी मजा सुरू होते. पूर्वी जावा ॲप्लेटवर, म्हणजे ब्राउझरच्या आत चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमवर चालायचं. क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये प्लगइनचा तो जुना रस्ता पूर्ण बंद केला, फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये. त्यानंतर बराच काळ आमच्या ऑफिसात एक संगणक फक्त जुना ब्राउझर आणि जुनं जावा सांभाळायला ठेवला होता. त्याला कोणी अपडेट करू नये म्हणून वर चिठ्ठी चिकटवलेली.

आता जीएसटीसाठी एमसाईनर नावाचा छोटा प्रोग्रॅम आपल्याच संगणकावर चालतो आणि पोर्टलचं पान ब्राउझरमधून त्याच्याशी बोलतं. म्हणून १२७.०.०.१ हा पत्ता, पुढे पोर्ट १५८५, उघडून त्याचं सर्टिफिकेट, म्हणजे समोरचा कोण आहे ते सांगणारं ओळखपत्र, एकदा मान्य करावं लागतं. नवीन आर्टिकलशिप करणारी पोरं घाबरतात, कारण ब्राउझर लाल पान दाखवतो. तो पत्ता म्हणजे आपलाच संगणक, म्हणून तिथे 'पुढे जा' चालतं.

पण याची सवय वाईट. इथे 'पुढे जा' दाबायला शिकलेला पोरगा उद्या बँकेच्या लाल पानावरही तेच दाबतो.

टेस्टिंगवाला

ताई, लाखाचं बोललात. खजिनदार, काकांच्या लॅपटॉपवर कोणी 'पुढे जा' दाबलेलं नाही ना? त्या लाल पानावर सर्टिफिकेट बघायची सोय असते. ते कोणी दिलंय, ते नाव इथे लिहा. आणि खाली कोपऱ्यातलं घड्याळही बघा. जुन्या लॅपटॉपची आतली बॅटरी गेली की तारीख मागे जाते आणि ब्राउझरला प्रत्येक सर्टिफिकेट भविष्यातलं वाटतं.

सुवॉनकर

दक्षिण कोरियातून लिहितोय. तुमची पाटी वाचून गहिवरून आलं, इथे तर अख्खा देश इंटरनेट एक्सप्लोररमध्ये अडकला होता.

झालं असं की नव्वदच्या दशकात अमेरिकेबाहेर जाणाऱ्या ब्राउझरमध्ये ४० बिटांचंच कुलूप (माहिती सांकेतिक करणारं एन्क्रिप्शन) मिळायचं, मजबूत १२८ बिटांचं निर्यात करायला अमेरिकी सरकारची बंदी होती. ती २००० साली सैल झाली. कोरियाने तोवर वाट बघितली नाही, 'सीड' नावाचं स्वतःचं १२८ बिटांचं कुलूप बनवलं. ते ब्राउझरमध्ये नव्हतं, म्हणून ॲक्टिव्हएक्स या मायक्रोसॉफ्टच्या जोडप्रोग्रॅमने बसवायचं, आणि ॲक्टिव्हएक्स म्हणजे इंटरनेट एक्सप्लोरर. कायद्याने बँकिंगला सरकारमान्य सर्टिफिकेटही सक्तीचं केलं. बंदी उठली, जग पुढे गेलं, पण सक्ती राहिली. बँकेत शिरायचं तर आधी कुलपाचा प्रोग्रॅम, मग कीबोर्डवर पाळत रोखणारा, मग फायरवॉल, अशी वरात.

२०१४ मध्ये गंमत झाली. एका कोरियन मालिकेतल्या नायिकेचा कोट चिनी प्रेक्षकांना हवा होता, पण त्या सर्टिफिकेटशिवाय कोरियन साईटवर पैसे भरता येईनात. विषय थेट राष्ट्राध्यक्षांच्या बैठकीत गेला. सरकारमान्य सर्टिफिकेटचा विशेष दर्जा संपायला मात्र डिसेंबर २०२० उजाडलं. अजूनही बऱ्याच बँका वेगळे प्रोग्रॅम टाकायला लावतात. २०२३ च्या सुरुवातीला व्लादिमिर पालांत या संशोधकाने त्यांतले काही उघडून दाखवले. कीबोर्डची राखण करणाऱ्या प्रोग्रॅममध्येच भोकं निघाली.

कोल्हापुरी_रस्सा

म्हंजे राखणदारच चोराला दार उघडून देतंय. नाद खुळा.

पेंग्विनप्रेमी

सुवॉनकर, वाचनखूण साठवली. मी तेच म्हणतोय. आपल्याकडच्या बँका सुरक्षेच्या नावाखाली पेस्ट बंद करतात, राइट क्लिक बंद करतात, माऊसने टिपायचा कीबोर्ड देतात. पेस्ट बंद केल्यावर माणूस लांबलचक पासवर्ड ठेवेल का? तो नाव आणि जन्मसाल ठेवणार. ब्रिटनच्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्राने आणि अमेरिकेच्या मानक संस्थेनेही २०१७ मध्येच सांगितलंय की पेस्ट करू द्या.

निवृत्त_कॅशियर

पेस्टबद्दल तुमचं बरोबर आहे, मी आत असतानाही वाद घातला होता. पण ब्राउझरवाले साधू नाहीत. सुरक्षेसाठी म्हणून बदल करतात आणि निस्तरायचं बँकांनी.

टेस्टिंगवाला

दोन्ही बाजूंची उदाहरणं आहेत. टीएलएस १.० हे ब्राउझर आणि साईट यांच्यातल्या बोलण्याला लावायचं १९९९ चं कुलूप. ते आणि १.१ काढून टाकणार असं चारही मोठ्या ब्राउझरनी ऑक्टोबर २०१८ मध्ये एकत्र जाहीर केलं, दीड वर्षाची मुदत दिली. मार्च २०२० मध्ये फायरफॉक्सने ते बंद केलं आणि लगेच पुन्हा चालू केलं, कारण कोविडची माहिती देणाऱ्या काही सरकारी साईट जुन्या कुलपावरच होत्या. त्या उन्हाळ्यात शेवटी बंद झालं. ज्या साईट तेव्हा आडव्या झाल्या, त्यांना माझी सहानुभूती शून्य.

दुसरं उदाहरण कुकीचं, म्हणजे साईट तुम्हाला ओळखायला ब्राउझरमध्ये ठेवते त्या चिठ्ठीचं. फेब्रुवारी २०२० मध्ये क्रोम ८० ने एक नियम आणला : एका साईटवरून दुसऱ्या साईटवर फॉर्म भरून पाठवला जात असेल, तर दुसऱ्या साईटची लॉगिनची कुकी त्याच्याबरोबर जाणार नाही, साईटने तसं स्पष्ट लिहून ठेवलं नसेल तर. उद्देश चांगला. पण आपल्याकडे पैसे भरणं याच वाटेने चालतं : दुकानाची साईट, तिथून पैसे फिरवणारा गेटवे, बँकेचं ओटीपीचं पान आणि परत दुकान. परत येताना दुकान ओळखेनासं झालं. पैसे कापले गेले आणि समोर 'सेशन संपलं'. तो बदल क्रोमने कोविडमुळे एप्रिलमध्ये मागे घेतला आणि जुलैपासून पुन्हा लागू केला. तेव्हा ज्यांनी ज्यांनी 'पैसे गेले, पावती नाही' म्हणून कपाळाला हात लावला, त्यातल्या काहींचं कारण हे होतं.

सीए_ताई_नाशिक

आणि अशा वेळी लोक घाबरून दुसऱ्यांदा भरतात. थांबा, खात्याचं स्टेटमेंट बघा, व्यवहाराचा नंबर उतरवून घ्या. मुख्य म्हणजे बँकेचा हेल्पलाइन नंबर गुगलवर शोधू नका. आमच्या एका अशिलाने शोधला, पलीकडच्या माणसाने अदबीने स्क्रीन शेअरिंगचं ॲप टाकायला सांगितलं. नंबर कार्डाच्या मागे असतो. फसलात तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, नंतर नको.

बी_विंगचा_खजिनदार

अहवाल देतो. क्रोममध्ये ते फुलीचं चिन्ह होतंच. परवानगी दिली, खिडकी उघडली, वॉचमन एजन्सीचं पेमेंट टाकलं. टेस्टिंगवाले, तुम्हाला बी विंगतर्फे बासुंदी.

काकांचं घड्याळ बरोबर आहे. 'पुढे जा' त्यांनी दाबलं नव्हतं, ते मुळातच संशयी. सर्टिफिकेट देणाऱ्याच्या जागी त्यांच्या अँटिव्हायरसचं नाव आहे. परवाना दोन वर्षांपूर्वी संपलाय. हे काय प्रकरण?

टेस्टिंगवाला

हा अँटिव्हायरस बँक आणि ब्राउझर यांच्या मधे बसून सगळं वाचतो, व्हायरस शोधायला म्हणून. त्यासाठी बँकेचं सर्टिफिकेट काढून स्वतःचं लावतो. परवाना आणि अपडेट थांबले, त्याचं सर्टिफिकेट शिळं झालं, म्हणून क्रोम ओरडतोय. ओरडतोय ते योग्यच. तो अँटिव्हायरस काढून टाका, लाल पान जाईल.

पण त्या लॅपटॉपवर मंजुरी देऊ नका. विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० मध्ये सोडलं. क्रोमची १०९ वी आवृत्ती तिथे शेवटची, २०२३ च्या सुरुवातीची. तेव्हापासून सापडलेली सगळी भोकं तिथे उघडी आहेत. हार्डडिस्क चांगली असेल तर पेंग्विनप्रेमींना विचारा, त्यावर लिनक्स छान चालेल.

पेंग्विनप्रेमी

काकांना लिनक्स मिंट घालून देतो, येत्या रविवारी. फक्त तिथे फायरफॉक्स आधीच असतो आणि तुमची बँक त्याला पाटी दाखवणार. क्रोमही टाकून देतो, नाइलाजाने.

निवृत्त_कॅशियर

पाटीबद्दल बँकेला लेखी द्या. फोनवर नको आणि शाखेत तर नकोच. पाटीचा फोटो, ब्राउझरची आवृत्ती, तारीख, वेळ हे सगळं संगणक विभागाच्या नावाने. मायक्रोसॉफ्टने स्वतः बंद केलेला ब्राउझर बँक ग्राहकाला वापरायला सांगते आहे, हे वाक्य तसंच लिहा. ऑडिटमध्ये हे वाक्य कोणालाच आवडत नाही. पैसे मंजूर होतील. शिवाय फायरफॉक्सच्या मेनूत बिघडलेली साईट कळवायची सोय आहे, तिथेही कळवा.

बी_विंगचा_खजिनदार

पत्र टाकलं. उत्तर आलं की 'पुढील आवृत्तीत विचार केला जाईल'. काकांनी रविवारी पहिली मंजुरी मिंटवरून दिली, वॉचमन खूश. पण कार्यकारिणीत आता नवा विषय निघालाय. काका म्हणतात, सोसायटीच्या कामाला नवीन लॅपटॉपच घेऊ, सिंकिंग फंडात पडून आहेत ना पैसे.

सीए_ताई_नाशिक

सिंकिंग फंडातून लॅपटॉप? तो इमारतीच्या मोठ्या बांधकामासाठी असतो हो! उपविधी वाचायला द्या काकांना. यासाठी वेगळा धागा काढा, मी येते तिथे.